नकाशा मंजूर झाला, छताचा हिशेब कुठे आहे?

जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, कुठेही नवीन ले-आउटमध्ये चौकशी केली तर सर्वाधिक खपणारा प्लॉट 30 बाय 50 फुटांच्या आसपासचा असतो. म्हणजे साधारण 139 चौरस मीटर. बांधकाम परवानगीच्या नियमांमध्ये हा आकार मोठ्या मजेशीर जागी पडतो.

डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 150 चौरस मीटरपर्यंतचे भूखंड कमी जोखमीच्या गटात येतात. परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचे, आणि पावती हातात आली की तीच परवानगी. ग्रामीण भागात 2021 च्या निर्णयाने 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला नगररचना कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. 30 बाय 50 म्हणजे 1500 चौरस फूट, तो यात सहज बसतो. दुसऱ्या टोकाला केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची 2018 ची इको निवास संहिता आहे. घर किती तापावे, किती वारा खेळावा याचे आकडे देणारी देशातली हीच मुख्य संहिता, पण ती सुरू होते 500 चौरस मीटरच्या भूखंडापासून. खान्देशात बांधली जाणारी बहुसंख्य घरे या दोन्हींपैकी कोणत्याच तपासणीत येत नाहीत. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणाऱ्या प्रदेशात घर बांधताना छतातून किती उष्णता आत येईल, हा प्रश्न कोणत्याही टेबलावर कोणीही विचारत नाही.

परवानगी सोपी झाली हे चांगलेच झाले. पूर्वीचे हेलपाटे कोणालाच परत नको आहेत. पण माणसाची तपासणी जिथून काढून घेतली, तिथेच यंत्राची तपासणी आधी यायला हवी होती. आपल्याकडे झाले उलटे. संगणकीय छाननी मोठ्या प्रकल्पांसाठी आली, तीही प्रामुख्याने एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येते), सामासिक अंतरे (हद्दीपासून सोडायची जागा), पार्किंग आणि जिन्याची रुंदी मोजण्यापुरती. ती जमिनीचा हिशेब ठेवते. घर राहण्याजोगे आहे का, हा तिचा विषयच नाही.

छतापासून सुरुवात करावी, कारण एक-दोन मजली घरात सर्वाधिक उष्णता तिथूनच येते आणि त्याचे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिला त्या पदार्थाच्या उष्णतावहन गुणांकाने भागायचे, की त्या थराचा रोध मिळतो. 125 मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब असेल तर 0.125 भागिले 1.58, म्हणजे 0.079. खालचे 12 मिलिमीटर प्लास्टर 0.017. खोलीतल्या आणि बाहेरच्या हवेच्या पातळ थरांचा मिळून 0.21. एकूण 0.306. एकला या बेरजेने भागले की यू-मूल्य मिळते, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते याचा आकडा, जितका कमी तितका बरा. इथे तो सुमारे 3.3. इको निवास संहितेची मर्यादा आहे 1.2. वर 100 मिलिमीटरचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घातला तर आकडा 2.3 वर येतो, तरी मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे आपल्याकडे सर्रास बांधले जाणारे स्लॅब-कोब्याचे छत या कसोटीला सरळ नापास आहे, आणि गेली कित्येक वर्षे आपण तेच बांधत आलो आहोत. त्याच स्लॅबवर कोबा घालण्याआधी 25 मिलिमीटरचा, उष्णता अडवणाऱ्या एक्सपीएस फोमचा थर टाकला, तर कोबा न मोजताही यू-मूल्य 0.9 च्या खाली येते.

प्रत्यक्षात फरक केवढा? 3 बाय 3.6 मीटरच्या खोलीवर स्लॅबचा माथा 60 अंशांना आणि आतली हवा 36 अंशांना धरली, तर नुसत्या स्लॅबमधून ढोबळमानाने 970 वॅट उष्णता आत येते, फोम असेल तर 235 च्या आसपास. हा स्थिर-अवस्थेचा, म्हणजे तापमान बदलत नाही असे धरून केलेला हिशेब आहे. खरा स्लॅब दुपारी उष्णता साठवतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती खाली सोडत राहतो, म्हणून संध्याकाळनंतरचा त्रास या आकड्यातून पुरता कळत नाही. पण कुठला पर्याय बरा, हे ठरवायला एवढे पुरेसे आहे.

हे गणित करायला नकाशा वाचणारे महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. स्लॅबची जाडी, कोब्याची जाडी, रोधक थराचा प्रकार आणि जाडी, खाली फॉल्स सीलिंग आहे की नाही, एवढ्या नोंदी ऑनलाइन अर्जात घेतल्या की आकडा पावतीवर छापता येतो. तोच पहिला टप्पा असावा.

नकाशा आपोआप वाचण्याच्या पद्धतीला मी दुसऱ्या टप्प्यावर ठेवतो, त्याचे कारण तिच्या कामाच्या रीतीत आहे. छाननीचे सॉफ्टवेअर रेषा पाहते, भिंत पाहत नाही. संगणकावर काढलेल्या कॅड नकाशात प्लॉटची हद्द, बांधकामाची रेषा, खोली, खिडकी, बाल्कनी हे सगळे ठरवून दिलेल्या लेअरवर (नकाशातल्या वेगळ्या थरावर), बंद पॉलिलाइनने (सलग जोडलेल्या रेषेने) काढावे लागते. पॉलिलाइनचे टोक दोन मिलिमीटर उघडे राहिले तर खोली मोजलीच जात नाही. खिडकीचा ब्लॉक भलत्या लेअरवर पडला तर खोलीला खिडकीच नाही असे ठरते. नकाशा मिलिमीटरमध्ये आणि फाइल मीटरमध्ये असेल तर क्षेत्रफळ दहा लाखपट. या चुका लगेच दिसतात, म्हणून त्या फारशा धोक्याच्या नाहीत. ड्राफ्ट्समन एक संध्याकाळ वैतागतो आणि दुरुस्त करतो.

धोका त्या चुकांचा, ज्यांत नकाशा पास होतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहण्याच्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर आणि एकच खोली असेल तर क्षेत्र किमान 9.5 चौरस मीटर सांगितले आहे. खोली लहान पडली की तिच्यावर 'स्टोअर' किंवा 'देवघर' असे लिहायचे, की तिला राहण्याच्या खोलीचे निकष लागत नाहीत. यंत्र अक्षरे वाचते, पलंग कुठे पडणार आहे हे त्याला कळत नाही. खिडकी ड्राय बाल्कनीत किंवा जिन्यात उघडत असली तरी तिचे चौरस मीटर मोजले जातात. खिडक्यांच्या तक्त्यात 1.5 मीटर आणि नकाशात 1.2 मीटर असे असेल, तर सॉफ्टवेअर कोणता आकडा धरते, हे बहुतेक वेळा नकाशा भरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खिडकीचेच घ्या, कारण इथे कागद आणि वारा यांच्यातले अंतर सर्वात मोठे आहे. उष्ण-कोरड्या पट्ट्यासाठी बांधकाम संहिता खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या एक-दशांश मागते. इको निवास संहिताही 10 टक्केच मागते, पण ती उघडणारे क्षेत्र मोजते, तेही अख्ख्या घराच्या चटई क्षेत्रावर. हा फरक लहान नाही. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, तर बिजागरीची सुमारे 90 टक्के. 3 बाय 3.6 मीटरच्या खोलीला 1.08 चौरस मीटर उघड हवी. 1.2 बाय 1.2 मीटरची खिडकी कागदावर 1.44 भरते आणि खोली पास दिसते. पण तीच खिडकी सरकती असेल तर हाती येते 0.72. बिजागरीची असेल तर 1.3. मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक बसवला तरी सरकत्या खिडकीची उघड वाढत नाही, वारा मात्र जाळीने आणखी अडतो. अॅल्युमिनियम सेक्शनच्या सरकत्या खिडक्या आता तालुक्याच्या गावातही सर्रास बसतात. नकाशावर खिडकीचा प्रकार लिहिणे सक्तीचे नसेल तर कोणतेही यंत्र हा फरक पकडू शकत नाही.

मोठ्या इमारतींसाठी इको निवास संहितेत आरईटीव्ही नावाचा आकडा आहे. भिंती, काचा आणि ऊन मिळून बाहेरून आत येणारी उष्णता, दर चौरस मीटरला वॅटमध्ये. मर्यादा 15. गणितात तीन भाग असतात: भिंतीचे यू-मूल्य, काचेचे यू-मूल्य आणि काचेतून थेट येणारे ऊन. प्रत्येक भागाला दिशेप्रमाणे गुणक लागतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे सबंध खान्देशाला, उत्तरेच्या भिंतीचा गुणक 0.659 आणि पश्चिमेचा 1.156 आहे. चारही बाजू सारख्या, 15 टक्के साधी काच आणि वर छज्जा नाही अशी इमारत धरली तर सहा इंची विटेच्या भिंतीला आरईटीव्ही सुमारे 22.5 येतो, नऊ इंचीला 20, आणि 200 मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकला 13.6. बाकी काही न बदलता निव्वळ भिंतीच्या पदार्थाने नापासाचे पास होते.

आता यात यंत्र कुठे फसते ते पाहा. समजा दिशेचा गुणक 1 धरून एखाद्या इमारतीचा आकडा 15.5 येतो आणि तिच्या 70 टक्के भिंती दोन लांब बाजूंना आहेत. लांब बाजू पूर्व-पश्चिमेला असतील तर आरईटीव्ही 16.3, म्हणजे नापास. नकाशावरचा उत्तरेचा बाण 90 अंशांनी फिरवला की त्याच लांब बाजू उत्तर-दक्षिणेला जातात आणि आकडा 14.2 होतो. इमारत जागची हलली नाही, तरी पास झाली. बाण हा आजवर नकाशाच्या कोपऱ्यातला शोभेचा प्रकार होता. उष्णता मोजायची तर तो मोजणी नकाशाशी जुळलाच पाहिजे, आणि ती जुळणी माणसाने नाही, यंत्राने अक्षांश-रेखांशावरून करावी.

सपाट नकाशाऐवजी त्रिमितीय मॉडेल घ्यावे, म्हणजे हे सगळे प्रश्न मिटतील, असे हल्ली फार आत्मविश्वासाने सांगितले जाते. सिंगापूरने या दिशेने पंचवीस-तीस वर्षे काम केले आहे. ब्राझीलमध्ये 2013 पासून लागू असलेल्या एनबीआर 15575 या घरांच्या कामगिरीच्या मानकात उष्णता, आवाज, गळती, टिकाऊपणा असे सगळेच येते, आणि त्यातले किती आपोआप तपासता येईल यावर तिथे बरीच खटपट चालते. पण मॉडेलचेही आजार आहेत. अशा मॉडेलच्या आयएफसी या खुल्या फाइल-स्वरूपात भिंत बाहेरची आहे की आतली, याची एक हो-नाहीची नोंद असते. ती भरायची राहिली तर पश्चिमेची अख्खी भिंत उष्णतेच्या गणितातून गळते आणि निकाल सुधारतो. भिंतीला पदार्थाचे थर जोडलेले नसले तर ती नुसती करड्या रंगाची ठोकळी असते. माहिती राहिली की निकाल चांगला येतो, ही अशा यंत्रणेची सर्वात घातक खोड. तिच्यावर एकच नियम चालतो: जे सांगितलेले नाही ते वाईटात वाईट धरायचे. भिंत कशाची ते लिहिले नाही, तर सहा इंची वीट. काच कोणती ते नाही, तर साधी. छतात रोधक थर आहे असे लिहिले पण प्रकार नाही, तर थर नाहीच. मग माहिती भरणे हे अर्जदाराच्याच फायद्याचे होते.

आणि काही गोष्टी सूत्रालाच दिसत नाहीत, तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचा हात देणे, चायना मोझॅक लावणे यांनी स्लॅबचा माथा कमी तापतो, हे खान्देशात कोणालाही विचारा. पण यू-मूल्य फक्त थरांचा रोध मोजते, रंग मोजत नाही. चुना लावलेले आणि न लावलेले छत त्याला सारखेच. जुन्या धाब्याच्या घराचेही तसेच. 60 सेंटिमीटरच्या मातीच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे 1 भरते, नऊ इंची विटेच्या निम्मे, आणि तिचा खरा गुण म्हणजे दुपारची उष्णता आत पोचायला होणारा उशीर, तो या आकड्यात उतरतच नाही. जाड मातीची भिंत आणि पातळ फोम एकाच यू-मूल्याचे असले तरी रात्री ते सारखे वागत नाहीत.

त्याहून रोजचा प्रश्न कूलरचा. एप्रिल-मेची कोरडी हवा असते तोवर कूलर इथे उत्तम चालतो, आणि तो बसतो खिडकीत. म्हणजे ज्या खिडकीच्या जोरावर खोली पास झाली, तीच वर्षातले तीन-चार महिने बंद. शिवाय कूलरने आत ढकललेली हवा बाहेर जायला समोरची वाट हवी. ती नसेल तर खोली दमट होते आणि पंख्याखालीही घाम वाळत नाही. ही सवय अख्ख्या प्रदेशाची आहे, तरी परवानगीच्या अर्जात कूलरच्या जागेचा रकाना नाही. खान्देशासाठी नियम लिहिणाऱ्याने तो घालावा: कूलरसाठी वेगळे भोक, खिडकीच्या क्षेत्रात न धरता, आणि समोरच्या भिंतीत हवा निघायला वाट. हा नियम यंत्राला सहज तपासता येतो.

मग सक्ती कशाची करायची? माझे मत असे: नकाशा अडवण्याचा अधिकार यंत्राला फक्त छतापुरता द्यावा, आणि तो भूखंडाच्या आकाराची अट न घालता. छताचा आकडा एकच आहे, गणित उघडे आहे, उपाय बाजारात मिळतो, आणि घर बांधून झाल्यावर तो करणे महाग पडते. भिंती, खिडक्या, आरईटीव्ही यांचे आकडे काढावेत, पावतीवर आणि भोगवटा प्रमाणपत्रावर छापावेत, पण त्यावरून लहान घराचा नकाशा परत पाठवू नये. घर विकत घेणाऱ्याला तो कागद वाचता येईल, तेवढा दबाव सुरुवातीला पुरे. आठ-दहा मजली इमारतींना मात्र ही सवलत देण्याचे कारण नाही.

नापासाचा निकाल कसा द्यायचा, हेही नियमातच लिहावे. नुसते 'अमान्य' हा निकाल नव्हे. कोणत्या नियमाचे कोणते कलम, नकाशातला कोणता भाग, यंत्राने मोजलेला आकडा किती, हवा होता किती, आणि नियमांची कोणत्या तारखेची आवृत्ती वापरली, या पाच गोष्टी प्रत्येक ओळीत हव्यात. नियमावलीत दुरुस्त्या होतात, सॉफ्टवेअर मागे राहते, आणि मधल्या काळात दाखल झालेल्या नकाशांचे भांडण कोणाच्याच हातात राहत नाही. यावर उपाय म्हणून शासनाने उत्तरे माहीत असलेले पंचवीस-तीस नमुना नकाशे सर्वांसाठी खुले ठेवावेत, काही पास होणारे, काही मुद्दाम नापास केलेले. छाननीचे सॉफ्टवेअर कोणाचेही असो, दरवर्षी ते या नकाशांवर चालवून निकाल जाहीर करावा. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर दरसाल शिक्का मारून घ्यावा लागतो, मग लाखो रुपयांच्या बांधकामाचा निकाल देणारा काटा शिक्क्याशिवाय का चालावा?

यावर पहिला आक्षेप येतो खर्चाचा. 60 चौरस मीटरच्या गच्चीला 25 मिलिमीटरचा थर म्हणजे दीड घनमीटर माल. घराच्या एकूण खर्चात हा आकडा टाइल्सच्या निवडीत इकडे-तिकडे होणाऱ्या रकमेपेक्षा मोठा नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कागदावर फोम आणि गच्चीवर नुसता कोबा. हे होणारच. कोबा पडला की खालचे काही दिसत नाही, म्हणून तपासणीचा क्षण एकच आहे, थर टाकल्यावर आणि कोबा घालण्याआधी. जोते तपासणीसारखीच इथे एक पायरी असावी, परवानाधारकाने टेप लावून, जागेच्या नोंदीसह फोटो चढवायचा. सही त्याची, जबाबदारीही त्याचीच. 'सिस्टिमने पास केले' हे उत्तर चालणार नाही असे परवान्याच्या अटीतच लिहावे.

मालाच्या बाबतीतही फसगत ठरलेली. पॅकिंगचा हलका थर्माकोल कोब्याच्या वजनाखाली आणि गच्चीवरच्या वावराने दबतो, आणि जाडी गेली की रोध गेला. पाणी शिरले तर तो राहूनही उपयोगाचा नाही, कारण ओल्या फोमचा रोध घटतो. म्हणून बंद पेशींचा एक्सपीएस किंवा जास्त घनतेचा ईपीएस (थर्माकोलचाच घट्ट प्रकार), खाली वॉटरप्रूफिंग, सांधे टेपने बंद, वर कोब्याला पाणी जाण्याचा नीट उतार. अर्जात 'थर्मल इन्सुलेशन: होय' असा रकाना ठेवला तर पॅकिंगचा थर्माकोलच येईल. घनता आणि जाडी आकड्यात मागितली पाहिजे.

राहिला घरकुलांचा प्रश्न, आणि तो या चर्चेत सोयीने मागे पडतो. ग्रामीण आवास योजनेचे घर किमान 25 चौरस मीटरचे, सपाट भागात अनुदान 1 लाख 20 हजार. नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांपासून जामनेरच्या वस्त्यांपर्यंत अनेकांना त्यात पत्र्याचेच छप्पर परवडते. पत्र्याचे यू-मूल्य काढले तर 4.8 च्या आसपास, मर्यादेच्या चौपट. इथे छताचा नियम लावून नकाशा अडवला तर त्या माणसाचे घरच अडेल. पत्र्याखाली थर्माकोल ठोकणे हाही उपाय नव्हे, कारण त्याच 25 चौरस मीटरमध्ये चूल पेटते आणि थर्माकोल वितळून पेट घेतो. बांबूची चटई, वर मातीचा हात आणि पत्र्यापर्यंत एका वितीची हवेशीर पोकळी ही रचना मर्यादेत बसणार नाही, तरी नुसत्या पत्र्यापेक्षा बरी आहे. म्हणून घरकुलाच्या नमुना नकाशांत ती शासनानेच काढून द्यावी, तिचा खर्च अनुदानात वेगळा धरावा, आणि यंत्राने अशा घराचा आकडा न अडवता नोंदवावा. किती घरकुले 1.2 च्या किती वर आहेत, याची तालुकावार यादी त्यातून आपोआप तयार होईल, आणि ती जिल्हा परिषदेच्या सभेत ठेवता येईल.